वृद्धांचें घर व यंत्रांची निवड



वृद्ध आईबापांच्या सोबतीला यंत्र ठेवावें काय, आणि ठेवावयाचें तर तें कोणतें, हा प्रश्न वीस वर्षांपूर्वीं कोणीं विचारला असता तर आपण तो हंसण्यावारी नेला असता. आज तोच प्रश्न आमच्या रत्नागिरींत, मारुती आळीपासून नाचण्यापर्यंत, साध्या शिक्षकाच्या व कारकुनाच्या घरांतहि चर्चिला जात आहे. हांक मारतांच पेटणारा दिवा, दारावर कोण आलें तें दाखविणारी घंटा, आपोआप केर काढणारी चकती, पडल्याची वर्दी देणारें घड्याळ, गप्पा मारणारा यंत्रमानव, अशा वस्तूंची बाजारांत इतकी गर्दी झाली आहे कीं, घेणाऱ्यानें गोंधळून जावें. मी कांहीं शास्त्रज्ञ नव्हे. शाळामास्तरकींत हयात घालविलेला, साठी ओलांडलेला एक गृहस्थ आहें. परंतु गेल्या कांहीं वर्षांत हीं यंत्रें परिचितांच्या घरीं बसतांना, चालतांना आणि पुढें कपाटांत जातांना मीं पाहिलीं आहेत; आणि मास्तराच्या संवयीनें त्यांच्यामागील शास्त्र काय आहे याची थोडीबहुत चौकशीहि केली आहे. तिचें फळ आज आपणापुढें ठेवीत आहें.

हा प्रश्न आमच्या जिल्ह्याचा आहे असें मी म्हणतों, त्याला आधार आहे. २००१ सालीं रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ च्या शिरगणतींत ती १६,१५,०६९ भरली. सारा देश वाढत असतां हा जिल्हा घटला. त्याच शिरगणतींत येथें दर हजार पुरुषांमागें ११२२ स्त्रिया आढळल्या. ह्या आंकड्यांचा अर्थ कोंकणी माणसाला फोड करून सांगावा लागत नाहीं. पूर्वीं मुंबईच्या गिरण्यांकडे, आणि आतां पुणें, बंगळूर, दुबई व अमेरिकेकडे कर्तीं माणसें गेलीं. जांभ्या दगडाच्या घरांत मागें राहिलीं तीं बहुधा म्हातारीं माणसें, आणि त्यांतहि एकट्या बायका. शिमग्याला व गणपतीला चाकरमानी येतात. हल्लीं त्यांच्या सामानांत एखादी पुठ्ठ्याची पेटी असते. गणपती बसले कीं ती उघडली जाते, मोबाईलवर कांहीं खटपट होते, आईला दोन मिनिटांत सारें समजावून सांगण्यांत येतें. गौरीबरोबर गणपती जातात, पाठोपाठ मुलेंहि जातात, आणि यंत्र मागें राहतें. शिमग्याला येऊन पाहावें तों त्याची पिन कोणीं तरी काढून ठेवलेली असते.

निवडीची सुरुवात दुकानांत झाली, घरांत झाली नाहीं, हें याचें मुख्य कारण होय. ज्याच्यासाठीं वस्तु घ्यावयाची, त्याच्याबरोबर एक संबंध दिवस बसावें. सकाळीं उठल्यापासून रात्रीं निजेपर्यंत त्याचा हात कोठें थरथरतो, पाऊल कोठें अडखळतें, काय विसरतें, काय ऐकूं येत नाहीं, हें पाहावें आणि त्यालाच विचारावें. ऐकूं कमी येणाऱ्या गृहस्थास बोलणारें यंत्र, आणि मोतिबिंदूनें दृष्टि अधू झालेल्या बाईंस चकचकीत पडद्याचें यंत्र भेट मिळालेलें मीं पाहिलें आहे. देणाऱ्याच्या प्रेमांत उणें नव्हतें. त्यानें फक्त विचारलें नव्हतें.

आतां धोक्यांचा विचार करूं. म्हातारपणीं सर्वांत मोठा धोका पडण्याचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें जगांत दरवर्षीं सुमारें ६,८४,००० माणसें पडून मृत्यु पावतात, आणि त्यांत साठीपुढील माणसांचा भरणा सर्वांत अधिक असतो. आमच्या घरांत पडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: न्हाणीघराची ओली फरशी, माजघराचा उंच उंबरठा, आणि रात्रीं अंधारांत संडासाकडे जाण्याची वाट. तेव्हां पहिला रुपया यंत्रावर खर्च करूंच नये. न्हाणीघरांत व संडासांत भिंतीला पक्का धरदांडा बसवावा, पायाखालीं न सरकणारी जाळीदार चटई घालावी, उंबरठ्याला पांढरा पट्टा मारावा. हें गवंड्याचें व सुताराचें काम आहे. त्याला वीज लागत नाहीं व पासवर्डहि लागत नाहीं.

ह्यानंतरची पायरी म्हणजे माणसाची चाहूल लागतांच पेटणारा रात्रीचा दिवा. माझ्या मतें ह्या सर्व पसाऱ्यांत दामाच्या मानानें सर्वांत उपयुक्त वस्तु हीच. त्याची रचना सोपी आहे. आपल्या शरीरांतून उष्णतेचे अदृश्य किरण सतत बाहेर पडत असतात. दिव्यांतील सेन्सर त्या किरणांत झालेला बदल ओळखतो आणि दिवा लावतो. तो चित्र काढीत नाहीं, आवाज ऐकत नाहीं, कोणाला कांहीं कळवीत नाहीं. घरांतील मांजर गेलें तरी तो कधीं कधीं पेटतो, एवढाच त्याचा अपराध. खाटेपासून संडासापर्यंत असे तीन दिवे गुडघ्याच्या उंचीवर लावले कीं रात्रीची वाट उजळते, आणि डोळ्यांवर झोत येत नाहीं.

पडल्यावर मदत कशी मागावी, हा पुढचा प्रश्न. यासाठीं दोन तऱ्हांचीं साधनें मिळतात. एक, गळ्यांत किंवा मनगटावर बांधावयाचें बटण. तें दाबलें म्हणजे ठरविलेल्या नंबरांवर फोन जातो. दुसरें, पडलेलें आपोआप ओळखणारें घड्याळ. ॲपल कंपनीनें ही सोय आपल्या घड्याळांत २०१८ सालीं आणली, व पुढें इतर कंपन्यांनींहि ती दिली. अशा घड्याळांत वेगांतील बदल मोजणारा व वळण मोजणारा असे दोन सूक्ष्म सेन्सर असतात. हात झटक्यानें खालीं आला, जोराचा आघात झाला, आणि त्यापुढें कांहीं वेळ हालचाल थांबली, असा क्रम जुळला कीं घड्याळ प्रथम विचारतें आणि उत्तर न मिळाल्यास फोन लावतें. ह्या रचनेंतच त्याची मर्यादा आहे. भिंतीला धरून हळूहळू घसरत बसलेलें माणूस घड्याळाच्या हिशेबीं पडलेलें नसतें. शिवाय त्यास रोज किंवा एकाआड एक दिवस चार्जिंग लागतें, आणि ज्याला स्वतःच्या औषधाची आठवण राहत नाहीं त्याला घड्याळाच्या चार्जिंगची राहील ही आशा व्यर्थ आहे. अशा माणसाला साधें बटण बरें. त्याची बॅटरी बहुधा पुष्कळ दिवस पुरते. मात्र बटण पाण्यांत टिकणारें असावें. खोक्यावर 'आयपी ६७' असें लिहिलेलें असतें. त्यांतील ६ हा आंकडा धुळीसंबंधीं आहे, आणि ७ चा अर्थ एक मीटर पाण्यांत अर्धा तास राहूनहि यंत्र बिघडूं नये असा. न्हाणीघरांत जातांना काढून ठेवावें लागणारें बटण घेऊन उपयोग नाहीं, कारण पडावयाची जागा तीच.

आणि बटण दाबल्यावर वाजणारा फोन कोणाच्या हातांत आहे? मुलगा पुण्याला, तो फोन घेईल, घाबरेल, आणि तेथून काय करील? पहिला नंबर हांकेच्या अंतरावरील शेजाऱ्याचा असला पाहिजे, व त्याच्याजवळ घराची दुसरी किल्ली असली पाहिजे. मुलाचा नंबर दुसरा. ११२ हा सर्व संकटांचा व १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक शेजाऱ्यालाहि पाठ असावा. शेजार तुटलेल्या घरांत कितीहि महागडें यंत्र आणलें तरी तें ओसाड माळावर मारलेल्या हांकेसारखें आहे. म्हणून यंत्र आणणाऱ्या मुलानें येतांना शेजाऱ्याकडेहि पेढे न्यावेत, असें मी गमतीनें सांगत असतों. त्यांत गंमत थोडी आणि व्यवहार अधिक आहे.

स्वयंपाकघरांत गॅसची गळती सांगणारें यंत्र जरूर घ्यावें, कारण वयाबरोबर वास घेण्याची शक्ति मंदावते आणि शेगडीवर ठेवलेलें दूध विसरणें तर नित्याचें होतें. परंतु तें बसवितांना बहुधा घोटाळा होतो. सिलिंडरांतील गॅस हा प्रोपेन व ब्युटेन यांचें मिश्रण असतो. प्रोपेन हवेच्या सुमारें दीडपट, आणि ब्युटेन सुमारें दुप्पट जड आहे. गळलेला गॅस म्हणूनच जमिनीलगत साचतो. कारागीर आपल्या सोयीनें यंत्र छताजवळ ठोकून जातो. तेथपर्यंत गॅस चढेपर्यंत खालीं ठिणगी पडून अनर्थ होऊन जाईल. तें जमिनीपासून वीतभर उंचीवर बसवून घ्यावें. नळानें येणारा गॅस मात्र हवेहून हलका असतो. ज्यांच्या घरीं तो आला असेल त्यांनीं यंत्र वर, छताखालीं लावावें. दोहोंसाठीं एकच नियम नाहीं, ही गोष्ट विक्रेत्याला ठाऊक असतेच असें नाहीं.

आतां आमच्या कोंकणाची एक अडचण सांगतों, जी जाहिरातींत कधीं येत नाहीं. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ आलें, तेव्हां दापोली-मंडणगडच्या बाजूच्या कित्येक गांवांत दिवसेंदिवस वीज नव्हती. पुढच्याच वर्षीं मे महिन्यांत तौक्ते वादळ आलें, आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखालीं गेलें. हे मोठे प्रसंग सोडले तरी मृगाच्या पहिल्या गडगडाटाबरोबर वीज जाणें ही आमची नेहमींची रीत. घरांतील बहुतेक स्मार्ट यंत्रें वाय-फायवर चालतात, वाय-फाय विजेवर चालतें, आणि ज्या रात्रीं यंत्राची खरी गरज त्याच रात्रीं दोन्ही नसतात. जुन्या तांब्याच्या तारेच्या टेलिफोनला लागणारी वीज टेलिफोन एक्स्चेंजमधूनच येत असे; घरांत अंधार असतांहि तो वाजे. आजच्या फायबरच्या जोडणीला ती सोय नाहीं. घरचा डबा बंद पडला कीं फोनहि बंद. तेव्हां ज्या घरीं असें एखादें यंत्र बसेल, तेथें राउटरसाठीं लहान बॅटरी-युनिट त्याच दिवशीं आणावें. जांभ्या दगडाच्या जाड भिंतींतून वाय-फायची लहर फारशी जात नाहीं. ओटीवर पूर्ण दिसणारी रेघ न्हाणीघरांत नाहींशी होते. पुष्कळशीं लहान यंत्रें २.४ गिगाहर्ट्झ ह्या पट्ट्यावरच चालतात. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान असला तरी भिंतींत लवकर विरतो. मोबाईल चालतो म्हणजे यंत्रहि चालेल, हें अनुमान म्हणून चुकीचें ठरतें.

ह्यावरून मी प्रत्येक यंत्राला एक प्रश्न विचारतों: वीज गेली, इंटरनेट गेलें, तर तूं काय करशील? बोटांच्या ठशानें उघडणाऱ्या कुलुपाला साध्या किल्लीचें भोक हवें, आणि ती किल्ली शेजाऱ्याकडे हवी. बोलल्यावर पेटणारा दिवा भिंतीवरील बटणानेंहि पेटला पाहिजे. औषधाची आठवण करणारी पेटी बंद पडली तरी तिचे वारांचे कप्पे हातानें उघडतां आले पाहिजेत. ह्या प्रश्नाला जें यंत्र उत्तर देत नाहीं, तें घरांत आणूं नये. मग तें किती का नामांकित असेना.

हांकेला ओ देणाऱ्या स्पीकरविषयीं पुष्कळ जण विचारतात. अंथरुणाला खिळलेल्या किंवा डोळ्यांनीं अधू माणसाला तो खरोखर उपकारक आहे. पडल्या पडल्या भजन लावतां येतें, वेळ विचारतां येते, मुलीला फोन करतां येतो. अडचण भाषेची. ॲमेझॉनची ॲलेक्सा २०१७ सालीं भारतांत आली व २०१९ पासून हिंदी बोलूं लागली. गूगलच्या मोबाईलवरील सहायकाला २०१८ पासून मराठी कळूं लागलें. तथापि मोबाईलला जी भाषा येते ती त्याच कंपनीच्या स्पीकरला येतेच असें नाहीं. शिवाय कवळी काढलेल्या तोंडाचे, कोंकणी हेल असलेले उच्चार हा यंत्राच्या दृष्टीनें कठिण धडा आहे. ज्या आजींसाठीं घ्यावयाचा त्यांनाच दुकानांत किंवा ज्यांच्याकडे असेल त्यांच्या घरीं नेऊन दहा वाक्यें बोलावयास सांगावीं. सात समजलीं तर घ्यावा.

खऱ्याखुऱ्या यंत्रमानवाकडे आतां वळूं. 'रोबॉट' हा शब्द चेक नाटककार कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या नाटकांतून जगभर गेला; तेथें त्याचा संबंध वेठीच्या श्रमाशीं होता. आज घरांत आलेला रोबॉट म्हणजे केर काढणारी चकती. रूंबा नांवाची अशी चकती अमेरिकेंत २००२ सालीं निघाली. ब्लॉकमधील सपाट फरशीवर ती चांगलें काम करते, आणि वांकून केर काढण्याचे कष्ट वांचवते. परंतु बहुतेक चकत्या सुमारें दोन सेंटिमीटरहून उंच उंबरठा ओलांडीत नाहींत. पायऱ्यांवरून पडूं नये म्हणून खालीं किरण सोडणारे जे सेन्सर त्यांना असतात, ते कांहीं वेळां काळ्या फरशीलाच खड्डा समजून मागें फिरतात. ओटी, माजघर, पडवी अशा चढउतारांच्या घरांत ती एका खोलींत कोंडून पडते. आणि पायांत आलेली चकती हें पडण्याचें एक नवें कारण होऊं नये, म्हणून म्हातारीं माणसें बसलेलीं असतांनाच ती चालवावी.

माणसाला उचलणारा, आंघोळ घालणारा रोबॉट केव्हां येणार, असें मला एका अर्धांगवायूच्या रोग्याच्या पत्नीनें विचारलें होतें. त्या माउलीची पाठ मोडली होती. जपानांत २०१५ सालीं अस्वलाच्या तोंडवळ्याचा 'रोबेअर' नांवाचा यंत्रमानव दाखविण्यांत आला. तो रोग्याला खाटेवरून उचलून खुर्चींत ठेवी. त्याचें वजन १४० किलो होतें, आणि तो प्रयोगापुढें गेला नाहीं. मऊ, दुखऱ्या, घाबरलेल्या देहाला न दुखवितां उचलणें हें यंत्राला अद्यापि फार अवघड आहे. त्या बाईंना मी रोबॉटची वाट पाहूं नका म्हणालों. रोगी उचलण्याचा हातपंपाचा पाळणा आणि वरखालीं होणारी खाट शस्त्रक्रियेच्या साहित्याच्या दुकानीं मिळते व कांहीं ठिकाणीं भाड्यानेंहि मिळते. त्यांना तेवढ्यानें पुष्कळ आराम पडला.

सोबतीच्या रोबॉटांची गोष्ट निराळी. जपानमधील तकानोरी शिबाता यांनीं १९९३ पासून खपून 'पारो' नांवाचें, सील प्राण्याच्या पिलासारखें लवदार यंत्र बनविलें. कुरवाळलें कीं तें डोळे मिटतें, हांकेसरशी मान वळवतें. स्मृतिभ्रंश झालेलीं माणसें त्याच्या संगतींत शांत होतात असा पुष्कळ शुश्रूषागृहांचा अनुभव आहे, आणि अमेरिकेनें २००९ सालीं त्याला वैद्यकीय साधन म्हणून मान्यता दिली. त्याची तेथील किंमत सुमारें ६००० डॉलर होती. तेवढ्यांत येथें एका बाईला कित्येक वर्षें पगार देऊन सोबतीला ठेवतां येईल. न्यू यॉर्क राज्याच्या सरकारनें २०२२ पासून 'एलिक्यू' नांवाचें, आपण होऊन बोलावयास लागणारें यंत्र शेंकडों एकाकी वृद्धांना दिलें. ज्याच्याशीं दिवसभर कोणीहि बोलत नाहीं त्याला यंत्राचा शब्दहि गोड लागत असेल. त्याला हंसण्याचा अधिकार आपणांस नाहीं. परंतु 'जिबो'चें काय झालें तेंहि ऐका. हा छोटा, मान हलविणारा रोबॉट २०१७ सालीं लोकांच्या घरीं पोहोंचला. त्याची बुद्धि त्याच्या पोटांत नसून कंपनीच्या दूरच्या संगणकांत होती. कंपनी बसली, आणि २०१९ सालीं त्यानेंच आपल्या मालकांना निरोपाचे शब्द ऐकविले. ज्यांचा त्याच्यावर जीव जडला होता त्यांनीं काय करावें? म्हणून सोबतीचें यंत्र घेणाऱ्यानें कंपनी किती जुनी आहे, दरमहा वर्गणी आहे काय, आणि ती थांबल्यास यंत्राचें काय होतें, हें लेखी पाहून घ्यावें.

राहतां राहिला कॅमेरा, आणि माझा खरा आक्षेप येथेंच आहे. परिचयांतील एका बाईंच्या माजघरांत मुलानें काळजीपोटीं कॅमेरा लावला. मुलगा परदेशीं निश्चिंत झाला. बाई मात्र स्वतःच्या घरांत पदर सांवरून बसूं लागल्या. दुपारीं पाय पसरून निजावयाच्या त्या निजेनाशा झाल्या. शेवटीं त्यांनीं त्यावर टॉवेल टाकला, तर मुलाचा फोन आला, 'आई, कॅमेरा बंद कां?' हें प्रेम खरें. पण ह्या प्रेमाला दार ठोठावण्याची रीत राहिलेली नाहीं. शिवाय चित्र कोठें जातें हेंहि पाहिलें पाहिजे. २०२० सालीं केर काढणाऱ्या चकत्यांच्या प्रायोगिक नमुन्यांनीं घरांत टिपलेलीं चित्रें छाननीच्या कामावरील लोकांमार्फत फेसबुकवर पोहोंचलीं. त्यांत शौचकूपावर बसलेल्या एका स्त्रीचेंहि चित्र होतें, आणि हा प्रकार २०२२ सालीं उजेडांत आला. आपल्याकडे व्यक्तिगत विदेच्या संरक्षणाचा कायदा २०२३ सालीं झाला, त्याचा पाया संमति हा आहे. कायदा कंपन्यांना जी अट घालतो, ती मुलानें आईला लावूं नये काय? दाराबाहेर, अंगणाकडे तोंड करून कॅमेरा जरूर असावा. आंत, चित्र न घेणारा सेन्सर पुरतो: सकाळीं आठपर्यंत स्वयंपाकघराचें दार उघडलें नाहीं तर मुलाला वर्दी जावी, इतकेंच. आई काय नेसली आहे हें त्याला कळण्याचें कारण नाहीं.

एक सावधगिरी येथेंच सांगून ठेवतों. यंत्राचा पासवर्ड पेटींतून आला तसा ठेवूं नये; आणि 'तुमचें यंत्र बिघडलें आहे, आलेला आंकडा सांगा' असा फोन आल्यास कोणालाहि आंकडा सांगूं नये. फसवणूक झालीच तर १९३० ह्या क्रमांकावर ताबडतोब कळवावें. एरवीं कोणतीहि विवंचना असल्यास ज्येष्ठांसाठीं १४५६७ हा सरकारी क्रमांक आहे.

खरेदी करावयाची ती एका वेळीं एकाच वस्तूची, आणि शक्य तों गांवांतल्या दुकानांतून पावती घेऊन. समुद्राच्या खाऱ्या हवेनें यंत्राचे सांधे गंजतात तेव्हां दुरुस्तीला माणूस येथलाच लागतो. ती गणपतीच्या धांदलींत न करतां उन्हाळ्याच्या सुट्टींत करावी, म्हणजे आगोटीपूर्वीं महिनाभर सराव होतो. यंत्र कसें चालवावें तें मोठ्या मराठी अक्षरांत एका कागदावर लिहून त्याच्याशेजारीं चिकटवावें. बंद कसें करावें हें त्यांत प्रथम लिहावें. मदतीच्या बटणाची परीक्षा दर संकष्टीला घ्यावी, कारण ती तिथि घरांतील वृद्ध बाई सहसा विसरत नाहींत. शेजाऱ्याला आधीं सांगून बटण दाबावें. फोन वाजतो काय, उचलला जातो काय, किल्ली जागेवर आहे काय, हें पाहावें, आणि चंद्रोदयाला अवकाश असेल तर त्यानिमित्तानें आलेल्या शेजाऱ्याला चहा द्यावा.